आधारावर माय ७१ ची अन् आप्पा ६७ चे, मग सत्तरीच्या मोफत कार्डाचं कसं करायचं?

केळीवाला_चोपडा

राम राम मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, पण घरात रोज यावरून वाद चालू आहे म्हणून सगळंच सांगून टाकतो. आमचं गाव चोपडा तालुक्यात, शेती केळी न् कापूस, मी पुण्याला नोकरीला आणि आप्पा-माय गावीच. गेल्या महिन्यात आप्पांना छातीत भरून आल्यासारखं झालं, डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि म्हणाले अँजिओग्राफी करून घ्या, बहुतेक स्टेंट टाकावा लागेल, आजच पळत जा असं नाही पण टाळू पण नका. मेडिक्लेम आता नाहीये. माझ्या कंपनीच्या पॉलिसीत दोघं होते, नोकरी बदलली तशी पॉलिसी पण गेली, नव्या कंपनीत आईवडिलांना घेत नाहीत. बाहेर विचारलं तर प्रीमियम ऐकूनच फोन ठेवला, आणि वरून आधीच्या आजारासाठी तीन वर्षं थांबा म्हणे. तीन वर्षं आप्पांनी छाती धरून बसायचं का?

तेवढ्यात गावात ७० वर्षांवरच्यांच्या मोफत उपचाराच्या सरकारी कार्डाचा कॅम्प लागला. एक पोरगा लॅपटॉप घेऊन पारावर बसलेला, माणशी ५०० रुपये. मायचं कार्ड तिथल्या तिथे निघालं. आप्पांचं नाही निघालं, कारण आधारावर त्यांची जन्मतारीख १/६/१९५८ आहे आणि शाळेच्या दाखल्यावर १९५३. मायचं उलटं, ती शाळेत गेलीच नाही, आधार काढणाऱ्याने तोंडाकडे बघून १/१/१९५४ टाकलंय. म्हणजे सरकारच्या हिशोबाने माय आप्पांपेक्षा चार वर्षांनी मोठी! तेव्हापासून माय गल्लीभर सांगत फिरते, "आते मी मोठी शे, माले हात जोडा". आप्पा म्हणतात कागद खोटा शे.

आता तो पोरगा म्हणतो १५०० द्या, आधारावर तारीख बदलून देतो, आठ दिवसात आप्पांचं पण कार्ड. मोठा भाऊ म्हणतो आपलं रेशनकार्ड पांढरं, आपल्याला कुठलीच सरकारी योजना लागू नाही, उगा पैसे घालू नको, सरळ केळीचे पैसे आले की खाजगीत करून टाकू. आता नेमकं कोण बरोबर? आप्पांचं दाखल्यावरचं वय चालेल का, आणि मायच्या कार्डावर आप्पांचं होतं का काही?

आशाताई_यावल

दादा, आधी ते १५०० देऊ नका. मी आशा आहे, आमच्याकडे ही कार्डं आम्हीच काढतो, कार्डाला एक रुपया फी नाही. ५०० घेतले ते पण त्याने स्वतःच्या खिशासाठीच घेतलेत.

वय फक्त आधारावरचं बघतात. दाखला, पंचायतीचा उतारा, जन्मपत्रिका काहीच चालत नाही, सिस्टीम आधारावरून वय उचलते आणि ७० पूर्ण नसले की पुढेच जात नाही, आमच्या हातात काही नसतं. उत्पन्नाची अट मात्र नाही, श्रीमंत गरीब सगळ्यांना आहे, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये धनत्रयोदशीच्या दिवशी सुरू झालं हे. आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात, मायचं ते निघालंय.

आधारावर जन्मतारीख बदलायची सोय आहे पण ती साधारणपणे आयुष्यात एकदाच मिळते आणि तिला पक्का पुरावा लागतो. जन्माचा दाखला, पासपोर्ट, बोर्डाचं मार्कशीट, सरकारी पेन्शनचे कागद असलं काहीतरी. आप्पा दहावी पास असतील तर मार्कशीट शोधा. आधार केंद्रावर स्वतः आप्पांना घेऊन जा, पावती घ्या. त्या पोराने कुठला बनावट दाखला जोडला तर ती एकदाची संधी पण गेली आणि आधार अडकलं तर पीएम किसानचे हप्ते पण अडकतील.

मायच्या कार्डावर आप्पांचं होणार नाही. ते ७० च्या वरच्यांसाठीच असतं. दोघं ७० च्या वर असते तर दोघांत मिळून वर्षाला ५ लाख. आता मायचे ५ लाख फक्त मायचे.

लॅबवाला_जळगाव

केळीवाले भाऊ, तुम्ही सगळे सत्तरीच्या मागे लागलात पण आप्पांना सत्तरीची गरजच नाहीये!! तुमचा मोठा भाऊ जुन्या काळात अडकलाय. मी दवाखान्यात लॅबला आहे, आमच्या खिडकीच्या समोरच आरोग्यमित्राचं (दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं) टेबल, दिवसभर हेच ऐकतो म्हणून सांगतो.

आपल्या महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. तिच्यात वयाची अट कधीच नव्हती, अट होती रेशनकार्डाच्या रंगाची. पिवळं केशरी चालायचं, पांढरं चालायचं नाही (विदर्भ मराठवाड्याकडच्या काही जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना चालायचं, आपल्या जळगावला नाही). भाऊ म्हणतो ते तेव्हा खरं होतं. २८ जुलै २०२३ ला जीआर निघाला आणि १ जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डवाल्यांना लागू झालं, पांढऱ्यासकट. कव्हर पण दीड लाखाचं ५ लाख झालं, पूर्ण कुटुंबाला मिळून वर्षाला. प्रीमियम सरकार भरतं, आपल्याला काही भरायचं नाही. अँजिओप्लास्टी, म्हणजे ते स्टेंट टाकायचं, त्यात बसते.

आता खरं काम कुठे अडतं ते सांगतो, कारण लोक कार्ड काढण्यात सगळी ताकद घालवतात आणि दवाखान्यात येऊन फसतात.

रेशनकार्डात आप्पांचं नाव आहे का ते बघा, आणि नाव आधारावर जसं आहे तसंच आहे का बघा. खेडेगावात निम्मी भानगड हीच. आधारावर पूर्ण नाव, रेशनकार्डावर नुसतं "आप्पा" लिहिलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. कार्ड ऑनलाईन झालेलं पाहिजे, १२ अंकी नंबर असतो तो काढून ठेवा. तुटक फाटकं जुनं कार्ड घेऊन आलात तर आरोग्यमित्र परत पाठवेल, त्याचा दोष नाही, त्याला तो नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

मग दवाखाना. "योजनेत आहे" एवढं ऐकून जाऊ नका. दवाखाना योजनेत असतो पण सगळ्या आजारांसाठी नसतो. कोणी हाडांसाठी, कोणी डायलिसिससाठी, कोणी कॅन्सरसाठी. तुम्हाला हृदयाचा पाहिजे. जीवनदायी डॉट जीओव्ही डॉट इन वर जिल्ह्याप्रमाणे यादी मिळते, नाहीतर १५५३८८ ला फोन लावा, मराठीत बोलतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर जा. आधी. आमच्याकडे रोज एक तरी नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात घेऊन येतो की आता योजनेत टाका. तेव्हा काही होत नाही भाऊ. आधी नोंदणी, मग डॉक्टर रिपोर्ट अपलोड करतात, मग वरून मंजुरी येते, मग प्रोसिजर. इमर्जन्सी असली तर आधी भरती करून लगेच मंजुरी मागवायची सोय आहे, पण तुमच्या केसमध्ये वेळ आहे तर रीतसर करा. मंजूर झालं की भरती असेपर्यंतचा बेड, औषध, तपासण्या, पेशंटचं जेवण सगळं पॅकेजमध्ये.

ओपीडी मात्र नाही. बीपी शुगरच्या महिन्याच्या गोळ्या, नुसतं दाखवायला गेलात त्याची फी, हे खिशातूनच. मायच्या कार्डाचं पण तेच, भरती झालं तरच. तिच्या कार्डात भरतीच्या आधीचे ३ दिवस आणि डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेत.

धुळेकर७२

सगळं कागदावर गोड वाटतं हो. मी धुळ्याचा. ही योजना २ जुलै २०१२ ला पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आमचा धुळे होता, तेव्हा राजीव गांधी जीवनदायी नाव होतं, तुमच्या जळगाव-नंदुरबारला तर नंतर २०१३ च्या नोव्हेंबरला आली. म्हणजे आम्ही तेव्हापासून बघतोय. एका खाजगी दवाखान्यात माझ्या काकांचं योजनेतून केलं, बोर्ड केवढा मोठा लावलेला बाहेर, आणि आत गेल्यावर काय तर "योजनेचा बेड शिल्लक नाही, आठ दिवसांनी या, कॅश असेल तर आत्ता घेतो". मग घेतलं भरती तर म्हणे योजनेतला स्टेंट साधा, चांगला पाहिजे तर ४० हजार वेगळे द्या. पावती मागितली तर तोंड फिरवलं. दिले शेवटी, काय करणार, माणूस आतमध्ये टेबलावर न् आपण बाहेर भांडत बसायचं का.

त्यामुळे कार्ड आहे म्हणजे फुकट होईल या भ्रमात राहू नका एवढंच म्हणणं. हाताशी पैसे ठेवा.

लॅबवाला_जळगाव

धुळेकर दादा, होतं असं, नाकारत नाही. दवाखानेवाले पण सांगतात की पॅकेजचे दर कमी आणि सरकारकडून पैसे यायला उशीर. त्यांचं रडगाणं काही अंशी खरं आहे पण त्याची वसुली पेशंटकडून करायला परवानगी कोणी दिली? मंजूर पॅकेजवर वेगळे पैसे घेता येत नाहीत. कोणी मागितले तर भांडायचं नाही, शांतपणे म्हणायचं "लिहून द्या". एवढ्यानेच बरेच जण मागे सरकतात. नाही सरकले तर तिथूनच १५५३८८ लावायचा, वय वंदना कार्ड असेल तर १४५५५, आणि तक्रारीचा नंबर आरोग्यमित्राला दाखवायचा. डिस्चार्ज झाल्यावर तक्रार केली तर कोणी विचारत नाही.

आणि खाजगीच कशाला, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथे आधी विचारा काय काय होतं ते.

माजी_सैनिक_भुसावळ

माझ्यासारख्यांसाठी एक पुरवणी. आमच्याकडे भुसावळ वरणगाव भागात रिटायर्ड फौजी न् केंद्र सरकारचे पेन्शनर भरपूर. ज्यांच्याकडे ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) किंवा सीजीएचएस (केंद्र सरकारच्या नोकर-पेन्शनरांची) आहे त्यांना वय वंदना पाहिजे असेल तर दोन्हीपैकी एकच निवडावं लागतं. माझे शेजारी ५ लाख ऐकून उड्या मारत होते. मी म्हटलं भो, ईसीएचएसमध्ये ओपीडी आहे, महिन्याच्या गोळ्या मिळतात, ते सोडून तू फक्त भरतीचं कार्ड घेतो का? बसले गप. ईएसआयसीवाल्यांना (कामगार विमा) किंवा खाजगी मेडिक्लेमवाल्यांना तशी अडचण नाही, त्यांना दोन्ही ठेवता येतं. म्हणून कोणी घाबरून आईवडिलांची चालू पॉलिसी बंद करू नका.

पाचोरा_ते_एडिसन

वाचून राहवलं नाही. मी पाचोऱ्याचा, सध्या न्यू जर्सी. इथे लोकांना वाटतं अमेरिकेत म्हाताऱ्यांचं सगळं फुकट. सांगतो कसं ते.

इथे ६५ ला मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा. त्यातला पार्ट ए म्हणजे दवाखान्यात भरतीचा विमा, तो बिनाप्रीमियम मिळतो पण कोणाला, तर ज्याने स्वतः इथे काम करून पगारातून टॅक्स भरला त्याला. ४० क्रेडिट पाहिजेत, वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात, म्हणजे किमान दहा वर्षं नोकरी. नवऱ्याचे ४० झाले असतील तर घरी बसलेल्या बायकोला त्याच्या क्रेडिटवर ६५ ला मिळतो, नवऱ्याला बायकोच्या क्रेडिटवर पण. पोराच्या क्रेडिटवर आईबापाला नाही. हे कोणी आधी सांगत नाही!! आणि भारतातली नोकरी धरत नाहीत, दोन देशांत तसा करार नाही.

माझ्या ओळखीतल्या एकांनी आईवडिलांना ग्रीन कार्डावर आणलं, हातपाय धडधाकट होते तोवर ठीक, मग कळलं की पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय पार्ट ए विकत पण घेता येत नाही, आणि घेता आला तरी २०२५ चा भाव महिन्याला ५१८ डॉलर माणशी होता. ३० ते ३९ क्रेडिट असतील तर २८५. पार्ट बी म्हणजे डॉक्टर न् ओपीडीचा वेगळा, २०२५ ला १८५ डॉलर महिना होता, तो तर क्रेडिटवाल्यांना पण भरावाच लागतो. बिनाप्रीमियम असला तरी भरती झालात की सुरुवातीची ठराविक रक्कम तुमची, २०२५ ला ती १६७६ डॉलर होती. आणि अमेरिकेबाहेर तो जवळपास चालतच नाही, म्हणजे पाचोऱ्याला येऊन आजारी पडलात तर काही उपयोग नाही.

तिकडे तुमच्या मायला एका अंगठ्यावर ५ लाखाचं कव्हर, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरून, हे इथल्या लोकांना सांगितलं तर खोटं वाटतं. अर्थात धुळेकर म्हणतात तो बेडचा प्रश्न वेगळा, इथे कव्हर असलं की बेडवरून कोणी घासाघीस करत नाही.

नवापूरची_मास्तरीण

आमच्याकडचं वेगळं दुखणं. नवापूरहून जळगाव-धुळ्यापेक्षा सुरत जवळ, इकडचे सगळे पेशंट सुरतलाच पळतात. फुले योजना तिकडे धरत नाहीत, रेशनकार्ड दाखवलं तर हसतात. पण आयुष्मानचं कार्ड चालतं, ते देशभरात जिथे आयुष्मानचा दवाखाना आहे तिथे चालतं. माझ्या सासूबाईंचं वय वंदना आहे, खुब्याचं हाड मोडलं तेव्हा सुरतलाच ऑपरेशन झालं, खर्च झाला तो आमच्या जाण्यायेण्याचा न् नाष्ट्या-चहाचा. म्हणून सीमेवरच्यांनी मायचं कार्ड नीट जपून ठेवा. रावेरवाले बऱ्हाणपूरला जातात त्यांना पण हेच.

केळीवाला_चोपडा

सगळ्यांचे आभार. भावाला लॅबवाल्या दादांचं उत्तर वाचून दाखवलं, आधी म्हणाला नेटवर कोणी पण काही लिहितं, मग स्वतःच १५५३८८ ला फोन लावला, त्यांनी पण पांढरं चालतं म्हणूनच सांगितलं. रेशनकार्डात आप्पांचं नाव आहे पण आडनाव "पाटिल" असं ऱ्हस्व आणि आधारावर "पाटील". एवढ्याने अडेल का? आणि आशाताई, आप्पांचं मार्कशीट नाही, सातवीनंतर शेतातच गेले ते. मग जन्मतारखेचं राहू द्यायचं का?

अजून एक, आमच्या आजीचं, आप्पांच्या आईचं. तिचं आधारावर ९१ आहे, तिचं कार्ड काढायला त्या पोराने मशीनवर दहाही बोटं लावून बघितली, एक पण येईना. आयुष्यभर निंदणी केलेले हात, रेघाच राहिल्या नाहीत. मोबाईल पण लिंक नाही. तो म्हणाला आजीचं होणारच नाही.

लॅबवाला_जळगाव

पाटिल पाटीलने सहसा अडत नाही, पण तहसीलला पुरवठा शाखेत जाऊन दुरुस्त करून घ्या, भरतीच्या दिवशी कटकट नको. ऱ्हस्व दीर्घ सोडा, आमच्याकडे एकाच्या रेशनकार्डावर वडिलांच्या जागी सासऱ्याचं नाव निघालं होतं, त्यापुढे हे काहीच नाही. आप्पांचे अँजिओग्राफीचे कागद, जुने ईसीजी सगळं एका फाईलीत आणा, मंजुरीला तेच वर पाठवतात.

आशाताई_यावल

मार्कशीट नाही तर जन्माचा दाखला बघा, पण जुन्या जन्माची नोंद पंचायतीत सापडली तरच. नसेल तर आप्पांचं राहू द्या, फुले योजनेत होतंय ना काम, मग उगा एकदाची संधी घालवू नका.

आजीचं होतं हो, का नाही होणार. बोटं नाही आली तर चेहऱ्यावरून होतं. आयुष्मान ॲप आणि त्यासोबत आधारचं फेस आरडी ॲप मोबाईलमध्ये टाका, ७० वर्षांवरच्यांची नोंदणी निवडा, आधार नंबर टाकून चेहरा हा पर्याय घ्या. दुपारी ओट्यावर उजेडात बसवा, पदर डोक्यावरून मागे घ्यायला सांगा, चष्मा काढा आणि पापण्यांची उघडझाप करायला सांगा म्हणजे ते घेतं. आजीला ऐकू कमी येत असेल तर कोणीतरी समोर बसून स्वतः डोळे मिचकावून दाखवा. तरी नाहीच झालं तर डोळ्याच्या मशीनवर होतं, ते जिथे असेल तिथे आजीला नेऊन आणा, तुमच्या गावच्या आशाला विचारा, तिला माहिती असतं कुठे आहे ते. आणि तिचं आधार दहा वर्षांत अपडेट झालं नसेल तर फोटो जुळत नाही कधी कधी, मग आधी आधार केंद्रावर फोटो नवीन करून घ्या.

आजीचं कार्ड झालं की आजी न् माय दोघींचे मिळून ५ लाख होतील, वेगवेगळे ५-५ नाही, घर एकच धरलं तर. ते आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर सासू-सुनेत त्यावरून नको.